पळसाचा पुतळा

महायुद्धात जपान्यांनी ज्या जंगलातून कैदी हाकत नेले, त्याच वाटेनं चालायले मी साठी उलटल्यावर थायलंडला गेलो. कैद्यांच्या घरच्यांचा गट होता. माझं नाव मुलीनं, अनुश्रीनं घातलं. "पापा, चलो ना, मैं हूँ न साथ में." मराठी सगळी समजते पोट्टीले, पण तोंडातून निघेल तर शपथ!

फौजेतला बाप सिंगापूरला पकडला गेला तेव्हा मी पाळण्यात होतो. बारा वर्षं वाट पाहिली. मग रीतीप्रमाणे महादेव घाटावर पळसाच्या पानांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला अन् अग्नी मी दिला. आईनं कुंकू पुसलं. आता आमचं रायपूर राजधानी झालं, पण पुरानी बस्तीतली आमची म्हातारी अजून तेच विचारते, "श्याम, तो कधी गेला असंल रे?" निघतानाही म्हणाली, "तेवढं विचारून ये."

कोणाले विचारू, कपाळ माझं! चिखल, जळवा अन् माझे हे गुडघे. शिव्या घालत चालून राहिलो होतो.

एका गावात थांबलो. एका म्हातारीनं भात वाढला. मी भारतातला म्हटल्यावर ती वाटाड्याजवळ भडाभडा बोलू लागली. एका भारतीय कैद्याले मेला समजून इथंच टाकलं होतं. तिच्या बापानं त्याले जगवलं. पाय गेला होता, डोकंही ठिकाणावर नव्हतं. दोनच शब्द बोलायचा. रायपूर अन् गोदू.

गोदू माझी आई.

"युद्धातच गेला ना तो?" मी विचारलं. म्हातारीनं आपल्या पंचेचाळिशीच्या लेकाकडे बोट दाखवलं. याले त्यानंच खेळवलं, म्हणाली. हा चालू लागला त्या साली गेला.

म्हणजे मी मॅट्रिकले होतो तेव्हाही बाप जिवंत होता, अन् मी त्याले कधीचाच अग्नी देऊन मोकळा! ढसाढसा रडलो. अनुश्री म्हणाली, "पापा, दादी को मत बताना." मले रागच आला. काहून नाही सांगायचं? तिचा नवरा होता तो! सांगायचंच, असं ठरवून घरी आलो.

आई खाटेवर उठून बसली. "कधी गेला?"

मी तिच्याजवळ खाटेवर टेकलो. तिनं माझा हात धरला. "तुझे काका पुतळा करायले तयार नव्हते रे. मीच हट्ट केला. वाट पाहून पाहून थकली होती मी. तेव्हापासून जिवाले एकच घोर आहे. जित्त्या माणसाले तर नाही ना जाळलं मी?"

"नाही, आई," मी म्हटलं. "चालता चालताच गेला. युद्धातच."

"हव?"

"हव."

तिनं पदरानं डोळे पुसले. "बरं झालं बाप्पा," म्हणाली, "लवकर सुटला."