तिसरं बटण

पोशाख म्हणजे माणसाच्या स्वतंत्र आत्म्याचं दृश्य रूप. चष्म्याच्या दुकानातल्या त्या सेल्समनचा स्वतंत्र आत्मा घरातल्या पडद्याच्या उरलेल्या कापडातून शिवलेला होता.

शेवाळी रंगाचं जाकीट, त्याला पाच बटणं, आणि एकाही बटणाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. प्रत्येक बटण त्याने स्वतः शोधून आणलेलं. दुकानातल्या पोरी त्याला 'पडदा' म्हणायच्या. गिऱ्हाईक चष्मे बघायला येतं, तुम्हाला नाही, असं मालक ऐकवायचे. त्याने सगळं गिळलं. टवाळी तरी त्याच्या एकट्याच्या वाट्याची होती.

मग एका गिऱ्हाईक बाईंनी जाकिटाचं तोंड भरून कौतुक केलं आणि जाताना दुकानातली सगळ्यात महाग फ्रेम घेतली. मालकांनी लगेच फर्मान काढलं: सगळ्यांना हाच गणवेश. नमुना म्हणून त्याचं जाकीट शिंप्याकडे गेलं. नेमकं तेव्हा तिसरं बटण तुटलेलं होतं. धागाच कच्चा होता, असं तो घरी म्हणाला. धाग्याला कशाला बोल लावताय, असं बायको म्हणाली.

शिंप्याने नमुन्याबरहुकूम शिवलं. कॅशवरच्या बाई, शिपाई, मालकांचा भाचा, सगळ्यांच्या अंगावर चार बेमेळ बटणं आणि तिसऱ्या जागी लोंबता धागा.

त्याचं डोकंच फिरलं. जेवणाच्या सुट्टीत त्याने खिशातलं तिसरं बटण काढलं आणि भर काउंटरवर बसून सुईदोऱ्याने शिवलं.

"ते काढा," मालक म्हणाले. "गणवेशात तिसरं बटण नाही."

"ते तुटलं होतं, साहेब."

"असेल. आता ते डिझाइन आहे."

त्याचा आवाज चढला नाही, म्हणून पोरी जास्त घाबरल्या. "मला हसलात, चाललं. माझा पडदा केलात, तेही चाललं. पण माझाच तुटका धागा तुम्ही मला नियम म्हणून शिकवणार? पाचही बटणं लावणारा या दुकानात एकच माणूस आहे. नीट बघून ठेवा."

गिऱ्हाइकांच्या मोठ्या आरशासमोर उभा राहून तो वरून एकेक बटण लावत गेला. पहिलं. दुसरं. तिसऱ्याला त्याने श्वास आत ओढून धरला, आणि तेही लागलं. मग श्वास सोडावा लागला.

बटण फ्रेमांच्या कपाटाखाली गेलं.