कर्न्सविल होज कंपनी नंबर दोन

पहाटे पाचनंतर कर्न्सविलमध्ये धडधाकट पुरुष औषधालाही सापडत नसे. गावची कोळशाची खाण चोपन्न साली बंद पडली, आणि तेव्हापासून सगळे कर्ते बाप्ये पाच-पाच जण एका मोटारीत दाटीवाटीनं बसून डोंगरापलीकडच्या पोलाद कारखान्यात जायला लागले. संध्याकाळी सहाला परत यायचे. दिवसभर गावात असत त्या बायका, शाळेतली पोरं, आणि खाणीच्या धुळीनं छाती भरलेले म्हातारे. आणि आगीचा बंब.

बंब मेन स्ट्रीटवरच्या विटांच्या बंबखान्यात लालभडक चकाकत उभा असे. अठराशे एक्क्याण्णव साली बाजाराची अख्खी ओळ जळाली, त्यानंतर बत्तीस जणांनी मिळून आग विझवायला कर्न्सविल होज कंपनी, म्हणजे स्वयंसेवकांचं दल, काढलं. पगार नाही, भत्ता नाही. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून धावायचं, एवढाच नियम. लग्नातला सूट नसला तरी चालेल पण कंपनीचा गणवेश हवा, असं गावात होतं. कित्येकांना पुरलंही त्याच गणवेशात. मात्र कंपनीच्या घटनेत पहिल्याच पानावर लिहिलं होतं की सभासद ‘सच्छील, सुदृढ पुरुष नागरिक’ असावा. बायकांसाठी वेगळं महिला मंडळ होतं. त्यांनी वर्गणीसाठी पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या, वळायच्या आणि सभांना हॅम-घेवड्याचं सूप करायचं.

व्हर्ना हुडाक हे सगळं पाठ म्हणून दाखवू शकली असती. एक्केचाळीस वर्षांची व्हर्ना शाळेची बस चालवायची. साडेआठला पोरं शाळेत उतरवली की तीन वाजेपर्यंत ती मोकळी. तिच्याकडे टाइपरायटर होता म्हणून कंपनीचा चीफ एलवुड स्ट्रोम यानं पासष्टाव्या वर्धापनदिनाच्या पुस्तिकेसाठी कंपनीचा इतिहास टाइप करायचं काम तिच्या गळ्यात घातलं होतं. छप्पन्न सालचा सगळा उन्हाळा ती इतिवृत्ताच्या जाडजूड वह्या वाचत होती. पासष्ट वर्षांत बाईचं नाव शोधून सापडेना. ‘महिलांनी चविष्ट सूप दिले’ हे वाक्य मात्र तिनं एकशे चार वेळा मोजलं.

आणखीही एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. खाण बंद झाल्यापासून गावात दिवसाउजेडी अकरा आगी लागल्या होत्या. त्यातल्या सात आगींना बंब पोचलाच नव्हता. शेजारच्या गावाचा बंब डोंगर ओलांडून यायला पंचवीस मिनिटं लागत, आणि तोवर राख उपसायचंच काम राही. ती एलवुडकडे गेली आणि म्हणाली, दिवसा आम्ही बायका असतो, आम्हाला शिकवा. एलवुड हसला. वाईट माणूस नव्हता तो. वीस वर्षांत दोनदा धुरात शिरून माणसं बाहेर काढली होती त्यानं. पण तो हसला, आणि पुस्तिकेचं पहिलं प्रकरण झालं का म्हणून विचारलं.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी साडेदहाला भोंगा वाजला. थांबला. पुन्हा वाजला. व्हर्नानं टाइपरायटरवरून हात उचलले. दुसऱ्यांदा भोंगा वाजतो याचा अर्थ पहिल्याला कुणी आलेलं नाही, हे गावात सगळ्यांनाच कळायचं. ती ॲप्रनवरच पळाली.

बंबखान्याचं दार सताड उघडं होतं आणि आत म्हातारा आयव्हर प्रॉसर बंबाच्या पायरीवर बसून धापा टाकत होता. आयव्हर बंबखान्याचा राखणदार. चाळीस वर्षं खाणीत, तीस वर्षं कंपनीत. पंपाचा स्क्रू न् स्क्रू त्याला ठाऊक होता, पण आता जिना चढतानाही त्याला तीनदा थांबावं लागे.

“कोल स्ट्रीटला,” तो म्हणाला. “युरिकांचं घर. मला क्लच दाबवत नाही गं.”

“सरका तिकडं,” व्हर्ना म्हणाली.

बस आणि बंब यांत फार फरक नव्हता, फक्त बंबाचा गिअर जास्त हट्टी. कोल स्ट्रीटवर सहा घरं एकमेकांना चिकटून उभी होती. लाकडी भिंती, वर एकच सलग छप्पर. पलीकडून दुसऱ्या घराच्या खिडक्यांतून ज्वाळा बाहेर येत होत्या. म्हातारी मिसेस युरिक शेजाऱ्यांच्या ब्लँकेटात गुंडाळलेली रस्त्यावर बसली होती. तिला तिच्या सुनेनं, स्टेलानं, उचलूनच बाहेर आणलं होतं. वीसेक बायका बादल्या घेऊन उभ्या होत्या आणि उष्णतेनं एकेक पाऊल मागं सरत होत्या.

आयव्हरनं खालीच उतरायचं नाकारलं; उतरलो तर परत चढता येणार नाही, म्हणाला. पायरीवर बसून तो एकेक गोष्ट सांगत गेला आणि व्हर्ना करत गेली. जाड पाइप हायड्रंटला, त्या रस्त्याकडेच्या नळखांबाला, जोड. पान्यानं आवळ, अजून आवळ. आता पंपाचा दांडा ओढ. हळू. पाइपात पाणी भरलं तशी ती कॅनव्हासची नळी अजगरासारखी फुगली, आणि तिच्या टोकाचं पितळी नोझल धरलेल्या दोघींना तिनं एका हिसक्यात चिखलात लोळवलं. तिसरी धावली, चौथी धावली. चौघींनी मिळून ते काखेत दाबून धरलं. त्यातली एक चीफची बायको थेल्मा होती आणि सगळ्यांत पुढं स्टेला युरिक.

स्टेलानं पाण्याचा झोत आपल्या घरावर धरला. आयव्हर पायरीवरून ओरडायला गेला, पण खोकल्यानं त्याचा आवाज फुटेना. त्यानं व्हर्नाला जवळ बोलावून कानात सांगितलं. व्हर्ना स्टेलाजवळ गेली. पुढची कितीतरी वर्षं तिला ते बोलणं आठवत राहिलं.

“स्टेला, तुझं घर गेलं. आग आढ्यातून पुढं सरकतेय. पाणी पुढच्या छपरावर धर.”

स्टेलानं एकदा तिच्याकडे पाहिलं. मग नोझल वळवलं. मागं तिचं स्वयंपाकघर, तिचं कपाट, लग्नातला फोटो जळत होता, आणि ती वीसेक मिनिटं शेजारणीचं छप्पर भिजवत उभी राहिली. डोंगरापलीकडचा बंब आला तेव्हा युरिकांचं घर कोसळलं होतं, कडेचं रिकामं घर निम्मं जळालं होतं आणि उरलेली चार जागेवर होती.

संध्याकाळी पुरुष परतले. काहींनी टोप्या काढून बायकांचे हात हातात घेतले. एलवुडनं आधी स्टेलाच्या नवऱ्याला मिठी मारली, मग ओल्या नळ्या पाहिल्या, मग आयव्हरला बाजूला घेऊन विचारलं की बंबाची किल्ली कुणाच्या परवानगीनं दिली.

गुरुवारी कंपनीची सभा झाली. सभासद नसलेल्या व्यक्तीच्या हाती बंब दिल्याबद्दल आयव्हर प्रॉसरला तीस दिवसांसाठी निलंबित केलं, हे व्हर्नाला भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात सूप ढवळताना ऐकू आलं. तिनं पळी खाली ठेवली आणि सरळ सभेत जाऊन उभी राहिली. तेवीस पुरुषांनी माना वळवल्या. त्यांत तिचा नवरा एमिलही होता.

एलवुड समजुतीच्या सुरात म्हणाला की हा विम्याचा प्रश्न आहे. एखादीला इजा झाली असती तर? विमा फक्त सभासदांना लागू आहे.

“मग करा सभासद,” व्हर्ना म्हणाली.

“घटनेत तसं नाही, व्हर्ना. तूच टाइप करतेयस ना? आजवर कधी झालंय का असं?”

“नाही झालं. सगळ्या वह्या वाचल्यात मी. एकदाही नाही. म्हणून तर आता करा म्हणते. आणि वह्यांत हेही आहे की दोन वर्षांत सात आगींना तुम्ही पोचला नाहीत. तेही टाइप करू का पुस्तिकेत?”

मागं कुणीतरी हसलं, कुणीतरी खोकलं. अखेर मतदान घ्यायचं ठरलं. कंपनीची जुनी लाकडी पेटी फिरली. पांढरी गोटी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. चौदा पांढऱ्या, नऊ काळ्या. घटना बदलायला दोन तृतीयांश लागत; दोन गोट्या कमी पडल्या.

नवराबायको चालत घरी आले. दारात व्हर्नानं विचारलं, “तुझी कुठली होती?”

एमिल बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिला. “एलवुड कारखान्यात माझा फोरमन आहे,” तो म्हणाला. “त्याच्याच मोटारीतून जातो मी.”

“गोटी कुठली ते विचारलं मी. मोटार कुणाची ते नाही.”

त्यानं दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतली. तिला कळायचं ते कळलं. रात्री ती वरच्या खोलीत एकटी झोपली, आणि तिला झोप लागली नाही. राग तर होताच, पण त्याहून जास्त तिला लाज वाटत होती, आणि आपल्याला कशाची लाज वाटतेय हेच तिला उमगत नव्हतं. उजाडेपर्यंत ते उमगलं. बारा वर्षं ती ते सूप करत आली होती आणि पळी खाली ठेवायला तिला एक घर जळावं लागलं होतं.

सोमवारी सकाळी दहाला आयव्हरच्या अंगणात अकरा बायका जमल्या. आयव्हर निलंबित होता, म्हणजे कुणाला काय शिकवावं हे त्याला कंपनी सांगू शकत नव्हती. ही युक्ती त्याचीच. त्याच्या शेडमध्ये एक्क्याण्णव सालची हातगाडी पडून होती. दोन मोठी चाकं, मध्ये नळी गुंडाळायचा रहाट. बंब आला तेव्हा कंपनीनं ती भंगारात काढली होती आणि यानं ती घरी ओढत आणली होती. बायकांनी ती घासून पुसून लाल रंगवली. बाजूला काय लिहायचं? कंपनी स्वतःला पासष्ट वर्षं ‘नंबर एक’ म्हणवत होती, गावात दुसरी नसतानाही. स्टेलानं ब्रश उचलला आणि लिहिलं: कर्न्सविल होज कंपनी नंबर दोन.

रोज दहा ते अकरा त्या मेन स्ट्रीटवरून गाडी ओढत पळायच्या, ओढ्यावर नळी सोडायच्या, उलगडायच्या, गुंडाळायच्या. मुद्दाम मेन स्ट्रीटवरूनच. न्हावी दुकानाबाहेर येऊन म्हणायचा, बायांनो, माझ्या चुलीवर दूध उतू जातंय, या विझवायला. पोस्टातले म्हातारे टाळ्या वाजवायचे. थेल्मानं एकदा न थांबता न्हाव्याला सांगितलं की तुझ्या दुकानाला लागली तर आम्ही चालत येऊ. पंधरवड्यात टाळ्या थांबल्या. नोव्हेंबरात थंडीनं ओल्या नळ्या लाकडासारख्या ताठ व्हायला लागल्या, बोटं फुटली, दोघी गळाल्या आणि चार नव्या आल्या. आयव्हर ब्लँकेट पांघरून खुर्चीत बसायचा आणि हातातल्या घड्याळाकडे बघून मान हलवायचा. शेडमधून निघून ओढ्यावर नळी उलगडायला आधी नऊ मिनिटं लागत. मग सहा. मग चार.

एमिल पूर्वीसारखाच एलवुडच्या मोटारीतून कारखान्यात जात होता. पण डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी तो एलवुडच्या मोटारीत बसला नाही. पाऊण तास आधी उठून, दोन मैल चालून हमरस्त्यावरच्या बसनं गेला. दुसऱ्या दिवशीही तसाच. व्हर्नानं त्याला विचारलं नाही, फक्त त्याच्या डब्यात एक पिरोगी जास्त घातली.

जानेवारीत बायकांनी गावच्या कौन्सिलपुढं अर्ज ठेवला. बंब चालवते कंपनी, पण विकत घेतला गावानं. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा त्याची किल्ली गावाच्या कचेरीत असावी आणि नंबर दोनला मिळावी. विमाही गावानंच उतरवावा. सभेला इतकी गर्दी झाली की लोक जिन्यात उभे होते. एलवुड गणवेश घालून आला. चांगला बोलला तो. शेवटी म्हणाला की प्रश्न ताकदीचा नाही, प्रश्न असा आहे की बाई चुलीवरचं टाकून, पोरं टाकून भोंग्याला धावू शकेल का.

थेल्मा पाचव्या रांगेतून उठली. “एलवुड, बावीस वर्षं भोंगा झाला की चूल बंद करून, पोर काखेत मारून तुझे बूट मीच शोधून देते. आता माझे घालीन. फरक एवढाच.”

लोक हसले; एलवुडला हसू आलं नाही. तीन विरुद्ध दोन मतांनी ठराव झाला. एलवुडनं किल्ली टेबलावर ठेवली, टोपी डोक्यावर चढवली आणि व्हर्नासमोर थांबून म्हणाला, “बंबाला ओरखडा आला तर बघ.”

“ओरखडे यायलाच हवेत, चीफ. उभा राहून चकाकतोय तो दोन वर्षं.”

आयव्हरचं निलंबन कधीच संपलं होतं. कंपनीनं त्याला परत यायला पत्र पाठवलं. त्यानं त्याच पत्राच्या मागं लिहून कळवलं की आपण आता दुसऱ्या कंपनीत आहोत. एलवुड मात्र बदलला नाही. चार वर्षांनी घटना बदलली तेव्हाही त्याची गोटी काळीच होती, आणि हे त्यानं कुणापासून लपवलं नाही. वर्धापनदिनाची पुस्तिका निघाली. तिच्यात कोल स्ट्रीटच्या आगीला दोन पानं होती आणि सगळ्या बायकांची पूर्ण नावं होती. छापखान्यात ती व्हर्नानं स्वतः नेऊन दिली, चीफला न दाखवता.

मार्चच्या एका गुरुवारी, सकाळी सव्वाअकराला, चर्चच्या सभागृहाच्या तळघरातून धूर निघाला. बंब तिसऱ्या मिनिटाला बाहेर पडला होता. डोंगरापलीकडच्या बंबाची माणसं पोचली तोवर ज्वाळा तळघरातच कोंडल्या होत्या आणि स्टेला दोघींना घेऊन खिडकीतून आत पाणी मारत होती. तिकडचा कॅप्टन, सहा फुटी, मिशाळ, बंबावरून उतरला आणि धुरातून इकडंतिकडं बघत व्हर्नापाशी आला.

“ताई, तुमचा चीफ कुठाय?”

“मीच.”

त्यानं तिच्या खांद्यावरून मागं पाहिलं. मागं फक्त पंपाजवळ ब्लँकेट पांघरलेला एक म्हातारा होता, आणि तो बोट व्हर्नाकडेच दाखवत होता.

“हायड्रंटचा दाब कमी पडतोय,” व्हर्ना म्हणाली. “तुमचा बंब ओढ्यावर लावा, आणि दोन माणसं मागच्या दाराशी द्या मला. उभे का राहिलात? चला.”

कॅप्टननं मिशीवरून हात फिरवला, मग वळून आपल्या माणसांना हाक मारली. बंब ओढ्याकडे निघाला.