ताणलेल्या टेपचा घाट

शिंपीणबाईंच्या कटिंगच्या टेबलावर त्या सकाळी कापडाऐवजी आख्खं जंगल पसरलं होतं. राष्ट्रीय उद्यानाचा नकाशा गुंडाळी सोडायला तयार नव्हता, म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली होती: इस्त्री, मोठी कात्री, बटणांचा डबा आणि धाकट्या भावाचं कोपर. भाऊ खरं तर ही सफर मोडायला आला होता, पण आल्या आल्या ताईने त्याला कामाला लावलं.

त्याने तीस वर्षं त्याच रस्त्यावर बस चालवली होती. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या घाटात कावळेसुद्धा पायी चढतात. एकदा बस इतकी हळू चढली होती म्हणे, की खालून गुळगुळीत दाढी करून बसलेला माणूस वर उतरला तेव्हा बायकोने त्याला ओळखलंच नाही.

"आणि तू सायकल घेऊन निघालीस! अडुसष्ट वर्षांची घोडी! गुडघ्यात लोखंड!"

"लोखंड नवं आहे. तुझ्या बसमध्ये होतं त्यापेक्षा बरं आहे."

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं, की आता सायकल माळ्यावर जाणार. सून सुतारकाम करायची. तिने माळ्यावर दोन खुंट्यासुद्धा ठोकून ठेवल्या होत्या. शिंपीणबाई त्या खुंट्यांकडे पाहायच्या आणि मशीन जोरात चालवायच्या. शेवटी पैज लागली. खालच्या फाटकापासून घाटमाथ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी गेल्या, तर सायकलीला कुणी हात लावायचा नाही. जीपमध्ये बसावं लागलं, तर सायकल खुंटीला.

जीपची भानगड अशी, की फाटक सकाळी सहाला उघडतं आणि माथ्यावरच्या चौकीचा दांडा अकराला आडवा पडतो. पुढे अस्वलांची वेळ. दांडा पडल्यावर पोचलेल्या सायकलवाल्याला रखवालदार जीपमध्ये घालून गाठोड्यासारखा खाली आणून सोडतो.

शिंपीणबाईंनी रस्ता मोजला तो त्यांच्या पद्धतीने. प्रत्येक वळणावर टाचणी टोचली, टाचण्यांना धरून लाल दोरा फिरवला आणि मग तो दोरा सरळ करून गळ्यातल्या टेपने मापला. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर.

"एकोणचाळीस," त्या म्हणाल्या. "चालवायला साडेचार तास. दहा-दहा मिनिटांचे तीन थांबे: एक तळ्याला, एक चहाला, एक गुडघ्याला. अकराच्या ठोक्याला दांड्याखाली."

"बेचाळीस आहेत," भाऊ म्हणाला.

"एकोणचाळीस."

"ताई, तीस वर्षं बसचा मीटर रोज बेचाळीस दाखवायचा!"

"तुझी बस थापा मारत होती. चालकाचा गुण लागला असेल."

भाऊ कोपर उचलून उठला. नकाशाचा कोपरा फट्कन गुंडाळला गेला.

बाईंचं चुकलं असतं तर आत्तापर्यंत निम्मं गाव तोकड्या बाह्यांनी फिरलं असतं, हे त्यांचं साधं गणित होतं. या टेपने त्यांनी चाळीस वर्षं मापं घेतली होती. एकाचाही सदरा कधी काखेत दाटला नव्हता.

आणि दुपारी पार्सल आलं. दुसऱ्या शहरात बदली झालेल्या एका कारकुनाने तिथल्या शिंप्याकडून माप घेऊन कागदावर लिहून पाठवलं होतं, त्यावरून शिवलेली पँट परत आली होती. सोबत चिठ्ठी: "काकू, या पँटीत मी आणि आमचे हेडक्लार्क दोघे मावतो. एकेक पाय वाटून घेऊ का?"

शिंपीणबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग सुनेला हाक मारली. "तुझी स्टीलची टेप आण गं."

दोन्ही टेपा शेजारी शेजारी पसरल्या. बाईंच्या एकोणचाळीसच्या आकड्यासमोर सुनेच्या टेपवर बेचाळीस होते.

"आई, तुमची टेप ताणली गेलीय," सून हळूच म्हणाली. "चाळीस वर्षं गळ्यात लोंबतेय, ओढली जातेय. पण मग एवढे कपडे बरोबर कसे बसले?"

शिंपीणबाईंनी दोन्ही टेपा उलटसुलट करून पाहिल्या. मग त्यांना हसू आलं. "माणूस मापला याच टेपने आणि कापड कापलं तेही याच टेपने. दोन्हीकडे सारखीच लबाडी. रस्ता मात्र मी कापलेला नाही ना!"

संध्याकाळी भाऊ आला तो जिंकल्याच्या थाटात. "मग? तीन किलोमीटर म्हणजे वीस-एकवीस मिनिटं. ती कुठून आणणार? सोड नाद. यात कमीपणा नाही."

"अरे, कापड कमी पडलं म्हणून मी कधी गिऱ्हाईकाला उघडं पाठवलंय? शिवणीतून काढते मी."

त्यांनी खडू घेतला. चहाच्या थांब्यावर काट. गुडघ्याच्या थांब्यावर काट. खडू तळ्यापाशी आला आणि थांबला.

"तेही काप," भाऊ म्हणाला.

"ते नाही. ते बघायलाच तर चाललेय. नुसतं चढायचं असतं, तर तुझ्या घराचे जिने काय वाईट होते?"

तरी एक मिनिट कमीच पडत होतं. ते तळ्याकडे उतरणाऱ्या उतारावर ब्रेक न दाबता काढायचं ठरलं. भावाने कपाळावर हात मारला; पण जाता जाता पुटपुटला, "सातव्या वळणाला बाहेरून घे. आतून बसचंही इंजिन उकळतं."

ठरल्या दिवशी भाऊ ओळखीच्या माणसाची व्हॅन घेऊन आधीच माथ्यावर, दांड्याच्या पलीकडे जाऊन बसला. मागचं दार उघडं, सायकल बांधायला दोरी तयार. खाली घाटात कुठेतरी साखळीची करकर ऐकू येत होती. रखवालदार दांड्याच्या दोरीला हात लावून चौकीतल्या घड्याळाकडे पाहत होता.

शेवटच्या वळणातून सायकल वर आली ती नागमोडी, रस्त्याच्या या कडेकडून त्या कडेला टाके घालत. बाईंचा चेहरा भट्टीसारखा लाल, गळ्यात तीच जुनी टेप.

"आजी, अहो, बसा जीपमध्ये," रखवालदार म्हणाला. "तुमचं वय—"

"वय नको बघू. घड्याळ बघ."

त्याने पाहिलं. अकराला अर्धं मिनिट बाकी होतं. त्याने दोरी सोडली नाही. बाई दांड्याखालून पलीकडे गेल्या आणि मगच पाय टेकला.

भावाने दोरी गुंडाळली. व्हॅनचं दार लावलं. "तळं बघितलंस?" त्याने विचारलं.

"दहा मिनिटं. पूर्ण." त्यांनी श्वास घेतला. "त्या खुंट्या काढू नका म्हणावं सुनेला."

"का?"

"तुझी व्हॅन टांगू की." आणि पलीकडच्या उताराकडे चाक वळवून म्हणाल्या, "आता मागून ये. आणि हॉर्न वाजवलास तर याद राख, मी बाजूला होणार नाही."