जिन्यातल्या रेडिएटरवरचा सोमुन

मेव्लिदाच्या जिभेला त्या वसाहतीत तोड नव्हती. झेनित्सा गावाच्या पोलाद कारखान्यामागे पाचमजली इमारतींची रांग आहे, तिथे कॉफीला चार बायका जमल्या की पाचवी मेव्लिदा हवीच. साधं दूध उतू गेलेलं सांगायची, तरी ऐकणाऱ्या पोट धरून हसायच्या. तिचा नवरा स्मायो म्हणायचा, "हिचं तोंड तारेला जोडा, गावाला वीज पुरेल."

त्या हिवाळ्यात विजेचीच रडगाणी घरोघर चालली होती. गावच्या रेडिओवर रोज सकाळी नेजाद नावाचा पोरगेला निवेदक काटकसरीच्या युक्त्या विचारायचा आणि बायका फोन करून सांगायच्या. एका सकाळी त्याने विचारलं, "काल आणलेला सोमुन आज चामड्यासारखा झालाय. कमीत कमी विजेत तो मऊ आणि गरम कसा कराल?"

सोमुन म्हणजे तिथल्या लोकांचा जीव. जाडसर, गोल, वर कलौंजी पेरलेली रोटी. भट्टीतून निघाल्यावर तासाभरात खावी तर स्वर्ग, दुसऱ्या दिवशी दात मोडायची पाळी. पहिल्या फोनवाल्या बाईने सांगितलं, घेवड्याचं भांडं उकळत असतं, त्याच्या झाकणावर फडक्यात गुंडाळून ठेवा, वेगळी वीज लागत नाही. दुसरीने सांगितलं, तव्यात चार थेंब पाणी शिंपडा, वर झाकण, आणि वाफ धरली की लगेच बंद करा. पुढचं काम ती वाफच करते.

मेव्लिदाचा फोन तिसरा लागला.

"मी तर बाई झाकणावरच ठेवते," ती म्हणाली.

"हे झालं की सांगून, मेव्लिदाकाकू," नेजाद म्हणाला. "काही ताजं असेल तर बोला. शिळा सोमुन आम्हाला पुरे झाला!"

स्टुडिओत कुणीतरी हसलं. मेव्लिदाला ते झोंबलं. आपलं बोलणं शिळं? आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "थांब, तुला फुकटात गरम करायची रीत सांगते. एक थेंब वीज नाही."

ही गोष्ट तिला ठाऊक होती ती अशी. थंडी पडू लागली तेव्हाच्या एका रविवारी सकाळी ती कचरा टाकायला खाली उतरली. तळमजल्यावर टपालपेट्यांच्या आडोशाला इमारतीचा सामाईक रेडिएटर आहे, जिना उबदार ठेवणारा. त्याच्यापाशी वरच्या मजल्यावरच्या सुभियाताई उभ्या होत्या. करडा कोट, त्याला इस्त्री, कॉलरवर टाचलेलं चांदीच्या तारेचं फुलपाखरू. कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म शिवणकाम केलं होतं. घराबाहेर पडताना त्यांच्या अंगावर सुरकुती कुणी पाहिली नव्हती. नवरा गेल्यावर त्यांनी घरातलं हीटिंग बंद करून घेतलं होतं. "मला उबेत झोप लागत नाही," असं सगळ्यांना सांगायच्या.

"पोस्टमनची वाट बघतेय," त्या म्हणाल्या.

रविवारी पोस्टमन? पण जिन्यात कलौंजीचा वास दरवळत होता आणि रेडिएटरवर ओलसर फडक्याचं गाठोडं होतं. मेव्लिदाने ते पाहिलं, हे सुभियाताईंनी पाहिलं.

"मेव्लिदा, हे आपल्या दोघींतच राहू दे."

"मी काही बघितलंच नाही, ताई," मेव्लिदा छातीवर हात ठेवून म्हणाली होती. आणि खरंच, इतके आठवडे तिने ब्र काढला नव्हता.

आता मात्र रेडिओवर तिची गाडी सुटली. नाव नाही घेतलं तिने, तेवढं भान होतं. पण रविवारचा पोस्टमन सांगितला, तो ऐकून नेजादला ठसका लागला. मग ती आणखी रंगली. बाई कशी ताठ उभी राहते, जणू रेडिएटरची आणि तिची ओळखच नाही. मधेच गाठोडं कसं हळूच उलटते, वर पाहत, छताला जाळी लागलीत का ते बघितल्यासारखं. "आणि थाट काय विचारता! कोट, कोटावर चांदीचं फुलपाखरू. सोमुन गरम करायला निघाली की लग्नाला, कळू नये!"

नेजाद हसून हसून बोलेना. "आजची सगळ्यात भारी युक्ती!" एवढंच कसंबसं म्हणाला.

मेव्लिदाने फोन ठेवला तेव्हा तिचे गाल तापले होते, आनंदाने. स्वयंपाकघरात स्मायो कपात चमचा ढवळत बसला होता. तो हसत नव्हता.

"फुलपाखरू कशाला सांगितलंस?" त्याने विचारलं.

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, अख्ख्या वसाहतीत तसं फुलपाखरू एकच होतं.

दुपारी बेकरीत गेली तर काउंटरमागच्या सेनादाने तिला बघताच टाळी वाजवली. "आली, आली! मेव्लिदा, ताजा देऊ की रेडिएटरवाला?" रांगेतल्या बायका खिदळल्या. एकीने मान ताठ करून, छताकडे बघत, हवेतलं गाठोडं उलटून दाखवलं. हुबेहूब. मेव्लिदाने सकाळी ते फक्त शब्दांत केलं होतं. आता ते डोळ्यांसमोर दिसलं.

मग हसणं एकदम विझलं. दारात सुभियाताई उभ्या होत्या. तोच कोट. कॉलरवर काही नव्हतं. फुलपाखराच्या जागी टाचणीची दोन बारीक भोकं तेवढी दिसत होती.

त्या नेहमी कालचा सोमुन न्यायच्या, सेनादा न विचारता तोच काढून ठेवायची. आजही तिचा हात खालच्या फळीकडे गेला.

"आजचा दे," सुभियाताई म्हणाल्या. "दोन दे."

एकट्या बाईला दोन सोमुन. त्या पिशवी घेऊन निघाल्या. मेव्लिदापाशी येताच मान लववून त्यांनी नमस्कार केला, रोज करत तसाच. तो नमस्कार नसता केला, थोबाडीत मारली असती, तर बरं झालं असतं असं मेव्लिदाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती पालकाची पिता, म्हणजे भाजीचं सारण भरलेली पापुद्र्यांची रोटी, भाजून वर घेऊन गेली. सुभियाताईंनी दार उघडलं, आत बोलावलं. घरात बोलताना तोंडातून वाफ निघत होती. त्यांनी रीतसर कॉफी केली, तबकात गुलाबी लोकुमच्या वड्या ठेवल्या, आणि समोर बसल्या. मेव्लिदाने एक वडी उचलली. लोकुमची साखर बोटांना चिकटली, ती पुसायचंही तिला सुचेना.

शेवटी सुभियाताईच बोलल्या. "सांगतेस छान तू. मीसुद्धा हसले."

"ताई..."

"खरंच हसले. पोस्टमनपर्यंत. मला वाटलं, कोण बिचारी आहे! मग फुलपाखरू आलं."

मेव्लिदाला रडू फुटलं. "माफ करा, ताई. माझी जीभ झडो. मला माफ करा."

"माफी मागू नकोस गं. तू मागितलीस की मला 'काही नाही, काही नाही' म्हणावं लागतं. आणि ते काही नाही, असं नाहीये." त्यांनी कप उचलला. "कॉफी घे, गार होतेय."

पिता मात्र त्यांनी ठेवून घेतली नाही.

रेडिओवाल्यांचा पुन्हा फोन आला. दर आठवड्याला या म्हणाले, लोकांना तुम्ही आवडलात. मेव्लिदाने नाही म्हटलं आणि कारण सांगितलं नाही. तिने एक उपाय मात्र करून पाहिला: आपला सोमुन फडक्यात बांधून उघड्यावर, सगळ्यांच्या देखत, खालच्या रेडिएटरवर ठेवू लागली. म्हटलं, मी ठेवते म्हटल्यावर त्यांनी ठेवल्याचंही कुणाला काही वाटणार नाही. झालं भलतंच. बाकीच्या बायकांना ती सोय आवडली. महिन्याभरात तिथे गाठोड्यांची गर्दी, हसणं-खिदळणं, कुणाचं फडकं कुणी नेलं म्हणून भांडणं. नाही तो फक्त सुभियाताईंचा सोमुन. त्या तिथून जायच्या, सगळ्यांना नमस्कार करायच्या, थांबायच्या नाहीत. आपण त्यांची जागाही घेतली, हे मेव्लिदाला उशिरा कळलं. तिने आपलं गाठोडं आणणं बंद केलं, पण बाकीच्यांना काय सांगणार? सांगायला गेलं तर पुन्हा तीच गोष्ट सांगावी लागणार.

कॉफीच्या वेळी ती गप्प बसू लागली. बायका म्हणायच्या, "काय गं, दृष्ट लागली का?" ती हसल्यासारखं करायची.

बर्फ वितळायच्या सुमारास एका शनिवारी दारावर टकटक झाली. सुभियाताई. हातात फडक्यात काहीतरी.

"पिता भाजतेयस ना? वास आला वर."

"हो, ताई. या ना."

"येत नाही. ओव्हन बंद केलास की हा आत ठेव. उरलेली धग वाया जाते उगाच." त्यांनी पुडकं पुढे केलं. मग तिच्याकडे सरळ पाहत म्हणाल्या, "थोडं पाणी शिंपडलंय मी."

मेव्लिदाने दोन्ही हातांनी पुडकं घेतलं. सुभियाताई जिना चढून गेल्या. माफ केलं की नुसती धग मागितली, हे त्यांच्या पाठीवरून काही कळेना.

तिने पिता काढली, ओव्हन बंद केला, पुडकं आत सरकवलं आणि दाराशी स्टूल ओढून बसली. स्मायो आत आला, हुंगून म्हणाला, "सोमुन? आपल्याकडे तर नव्हता. कुणाचा?"

"आहे कुणाचा तरी," मेव्लिदा म्हणाली, आणि उठून पिता कापू लागली.