रिकाम्या नसलेल्या जागेची जाहिरात

पद: सीनियर प्रोग्रॅमर (एक)

ही मीच. जाहिरातीत नाव घालत नाहीत, पण त्या खुर्चीवर चार वर्षं दहा महिने मी, हिमानी, बसते आहे. ग्रीन कार्डाचा अर्ज करायचा तर कंपनीला आधी सरकारला दाखवावं लागतं, की या कामाला इथला माणूस मिळत नाही. म्हणून माझी जागा रिकामी असल्यासारखी दोन रविवार पेपरात छापली. कुणी येऊ नये म्हणून दिलेली हाक.

ठिकाण: ईडन प्रेरी, मिनेसोटा

आणि तेवढंच. कंपनीचं टेक्सासात अर्विंगलाही ऑफिस आहे, पण तिकडे बदली घेतली तर सगळं पहिल्यापासून.

मालक चारुदत्त काका. चाळीस वर्षांपूर्वी आले, तेव्हा म्हणे विमानतळावरच कुणीतरी 'वेलकम' म्हणालं होतं. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत चकल्या स्वतः तळतात.

पात्रता: कोबोल, किमान दोन वर्षे

मजकूर वकिलांनी लिहायचा असतो. काकांनी तो मला लिहायला लावला. म्हणाले, असं लिही की तुझ्याशिवाय कुणाला हात लावता येणार नाही. "'मराठी आवश्यक' टाकूया का?" असं म्हणून स्वतःच हसले.

मी कोबोल लिहिलं. विमा कंपन्यांची जुनी कामं अजून त्याच भाषेत चालतात आणि ती आता कुणी शिकत नाही. इथे ती येणारे सगळे केव्हाच निवृत्त होऊन नातवंडं सांभाळतायत, असा माझा हिशेब.

एक सोडून. तो मला आठवलाच नाही.

आलेले अर्ज: १

अनीश.

तीन वर्षांपूर्वी तो लग्न करून इशिताकडे आला. ती इथलीच नागरिक, त्यामुळे त्याला ग्रीन कार्ड लवकर मिळालं, नोकरी मिळेना. मंडळात कुणीतरी म्हणालं, हिमानीला विचार. मग एक अख्खा हिवाळा दर शनिवारी तो आमच्या जेवणाच्या टेबलाशी. माझा नवरा निमिष पोहे करायचा, मी कोबोल शिकवायचे, आणि आमची अनया त्याला विचारायची, "आर यू इन माय मॉम्स क्लास?" मार्चमध्ये त्याला ब्लूमिंग्टनच्या एका विमा कंपनीत नोकरी लागली. पेढे घेऊन आला. वाकून नमस्कार करायला लागला तर मीच अडवलं.

दोन वर्षं दोन महिने तिथे होता. गेल्या महिन्यात ले-ऑफ झाला. तेव्हा रेझ्युमेसुद्धा मीच नीट करून दिला. काकांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला, तेव्हा नाव वाचायच्या आधी मी माझी वाक्यं ओळखली.

दोन वर्षं

(तीन लिहायचं होतंस, बाई.)

दोन महिने.

नाकारण्याचे कारण:

इथे कायद्यात बसणारं, कामाशी संबंधित कारण लिहायचं असतं.

वकिलांनी सांगितलं, पात्र माणूस आला आहे, ग्रीन कार्डवाला म्हणजे कायद्याने इथलाच, आता तुझा ग्रीन कार्डाचा अर्ज पाठवता येणार नाही. सहा महिन्यांनी पुन्हा जाहिरात देऊ. पण व्हिसाची सहा वर्षं संपायच्या वर्षभर आधी अर्ज गेला नाही, तर मुदतवाढ नाही. त्याला दोनच महिने उरलेत, सहा महिन्यांनी ती वेळ टळलेली असेल. म्हणजे परत. निमिष माझ्या व्हिसावर, अनयाही. आणि हो, या सगळ्या प्रक्रियेपासून मी लांब राहायचं, असंही वकिलांनी बजावलं.

मी काकांना विचारलं, मग अनीशला घेणार का?

"कुठे घेऊ? जागा कुठाय?"

मग त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. "तुझाच चेला ना तो? बोल त्याच्याशी. मी तुला काही सांगितलेलं नाही."

अर्ज मागे घेण्याची पद्धत: जाहिरातीत दिलेली नाही

ग्रोसरी स्टोअरच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून फोन केला. ती जागा माझी आहे, म्हणाले. त्याला वाटलं मला प्रमोशन मिळतंय. अभिनंदन करायला लागला. मग सगळं समजावून सांगितलं. जाहिरात कशाला, माझी मुदत किती, सगळं. अर्ज मागे घे, असंही म्हणाले. असं काही मी आजवर कुणाकडे मागितलं नव्हतं.

तो तीनदा सॉरी म्हणाला. खरंच माहीत नव्हतं, म्हणाला. इशिताला सातवा महिना, हेल्थ इन्शुरन्स त्याच्या नोकरीबरोबर गेला, तेही म्हणाला. मी म्हणाले, मागे घेतलास तरी तुझं काही जात नाही, ते तुला घेणारच नाहीयेत.

"म्हणजे आत्ता जागा नाहीच, ताई."

"नाही."

"पण तुम्ही परत गेलात, तर होईल ना?"

आवाजात जराही कडवटपणा नव्हता. माहिती हवी होती त्याला.

"होईल."

"कधी साधारण?"

मी महिना सांगितला. पुढच्या वर्षीचा, हेही सांगितलं.

"मग अर्ज राहू दे, ताई," तो म्हणाला. "तोवर मी कॉन्ट्रॅक्टवर काहीतरी बघतो."