टायरला तेलाचा हात

आईला पाण्याचा घोटही गिळवत नाही, असा माझ्या माहेरचा धारूरहून सकाळीच निरोप आला, आणि इकडं दिंद्रुडला आमचे यजमान अर्जुनराव अंगणात टायर निवडत बसले होते.

जिल्ह्याचा कारभार बघणाऱ्या अव्वल तालुकदारसाहेबांनंतर या टापूत मोटार आमचीच. त्यामुळे यजमानांचे पाय जमिनीला लागत नव्हते. पण जुने टायर झिजून गुळगुळीत झालेले आणि पावसाची झड काही थांबेना. जालन्याचे दुकानदार राधाकिशन दोन तऱ्हेचे टायर घेऊन आदल्या दिवशीच मुक्कामाला आले होते. एक जवळजवळ सपाट, दुसरे खोल खाचांचे.

"खाचांत काळी माती भरली तर चाकाचा लाडू हुईल," यजमान म्हणाले. "बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव गुळगुळीतच असती की."

"ती बैल वढत्यात, अर्जुनराव. हितं चाकानंच जमीन धरायची हाय. पावसाला खाचांचेच घ्या."

यजमानांनी दोन्ही टायर चिखलात लोळवले, धुतले, परत लोळवले. मी नुसती आत-बाहेर करत होते. बांधलेलं गाठोडं उगीच सोडायचं, परत बांधायचं. इतका राग आला होता की एखादा टायर उचलून आडात टाकावा.

"अहो, बैलगाडी जोडायला सांगा. मी जाते."

"दारात मोटार आसताना? लोक काय म्हंतील? आन् गाडीला सांज हुईल, मोटार दुपारच्या आत पोचवती."

दुपारच्या त्या आशेवर मी थांबले.

शेवटी खाचांचे टायर ठरले, बसवूनही झाले. राधाकिशन न्याहारी करून वाटेला लागले. मी मोटारीत जाऊन बसले, तर यजमानांना आणखी एक सुचलं. काळ्या रानात नांगराच्या फाळाला माती धरू नये म्हणून ते तेलाचा हात फिरवायला लावत. तसंच करडीचं तेल मागवून त्यांनी स्वतः चारही टायरांना चोळलं, अगदी खाचांत बोटं घालून.

शिवेपासूनच मोटार इकडून तिकडं घसरायला लागली. मी सीटची कड धरून बसले होते. धारूरच्या घाटात तर चाकं जागच्या जागी गरागरा फिरायला लागली आणि मोटार मागं सरकली. यजमानांनी उतरून चाकांमागं दगड लावले. खाचांत तेल आणि माती मिळून कणीक मळल्यासारखी झाली होती.

"जरा थांब, केसर. एवढं पुसून काढतो."

"तुम्ही पुसा," मी म्हणाले आणि चालायला लागले.

पावसात घाट कसा चढले ते माझं मला ठाऊक. धापा टाकत घरात शिरले तेव्हा आईचे डोळे उघडे होते. तिनं मला ओळखलं. मी चमच्यानं पाणी घातलं. अर्धं ओघळलं, अर्धं गेलं. माझा हात मात्र तिनं सोडला नाही.

बऱ्याच वेळानं दारात मोटार वाजली. यजमान कोपरापर्यंत चिखलानं भरलेले, पण चेहरा उजळलेला.

"तेल पुसलं आन् सरळ चढली बघ," ते म्हणाले. "टायर आपण बरोबरच निवडले व्हते."

"पाय धुवा आणि आत या," मी म्हणाले. "आई गेली."