बरी झालेली वाट

पोटाचं ऑपरेशन करून इनागाकी कामावर परतला, तेव्हा त्याचं टेबल खिडकीपाशी सरकवलेलं होतं. कावासाकीतल्या त्या कंपनीत खिडकी म्हणजे पांजरपोळ. पगार मिळतो, काम मिळत नाही. डॉक्टरनं ठणठणीत असल्याचं लिहून दिलं होतं, पण साहेबाच्या लेखी एकदा गेला तो गेलाच. आणि साहेब कोण, तर मोगामी; ज्याला यानंच बोट धरून शिकवलं.

मग बँकेचं लफडं झालं. सर्व्हरपासून डिस्कपर्यंत माहितीला जायला दोन वाटा असतात. एक तुटली की रहदारी दुसरीवर वळवायची, हे या कंपनीच्या सॉफ्टवेअरचं काम. बँकेत पहिली वाट तुटली, दुरुस्तही झाली, पण सॉफ्टवेअर तिला मेलेलीच धरून बसलं. पुढं दुसरी तुटली. धडधाकट वाट समोर असताना बँक सकाळभर ठप्प.

चूक इनागाकीनं शोधली, कुणी न सांगता. मेलेल्या वाटेला अधूनमधून हाक मारायची, तिनं ओ दिली तर कामाला लावायचं, एवढीच दुरुस्ती. ती लिहिताना त्याचे डोळे भरून आले, आणि का येऊ नयेत? आता तरी आपल्याला टीममध्ये परत घेतील, एवढी एकच आस त्याला होती.

रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी पडद्याकडं बोट रोखून, "ठीक!" असं ओरडत एकेक गोष्ट तपासली आणि दुरुस्त आवृत्ती बाहेर पडली. मोगामी खिडकीपाशी आला.

"इनागाकी-सान, उद्यापासून टीममध्ये या."

"कुठला भाग बघू?"

"कोड पोरं बघतील हो. बँकेत माफी मागायला जायचंय. आजारपणाआधीचा काळा सूट आहे ना?"

"आहे, पण फार ढगळ होतो."

"तोच घाला! माझे हे गाल बघून शिव्याच बसतील. तुमची हाडं बघून कुणाची जीभ रेटेल?"

मागं कुणीतरी खुसखुसलं.

दुसऱ्या दिवशी मिठाईचा डबा दोन्ही हातांनी पुढं धरून इनागाकी कमरेत वाकला. कॉलर गळ्याभोवती लोंबत होती. तडकायला बसलेला बँकेचा अधिकारी एकदम नरमला.

"बसा, बसा. तब्येत बरी नाही का?"

"नाही, मी आता अगदी..."

मोगामीनं टेबलाखालून त्याचा पाय दाबला. "नाजूकच आहे हो. तरी हट्टानं आले."

अधिकाऱ्यानं स्वतः चहा ओतला. कंत्राट वाचलं.

परतताना दोघं जेवायला बसले. आजारातून उठल्यापासून इनागाकीला सपाटून भूक लागायची. त्यानं भाजलेल्या वाम माशाचा भात मागवला. मोगामीनं तो वाडगा आपल्याकडं ओढला आणि त्याच्यासाठी साध्या शेवया सांगितल्या.

"ओसाकाचं गिऱ्हाईकही खवळलंय. पुढच्या महिन्यात तिकडं जायचंय. तोवर अंगावर मांस चढू देऊ नका. टीममध्ये राहायचंय ना?"

"राहायचंय," इनागाकी म्हणाला.

शेवया आल्या. त्यानं अर्ध्याच खाल्ल्या.